साखळी रंगवायची वस्तू नाही

वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी आहे 71.262 मीटर. 1978 साली पाणी 73.901 मीटरपर्यंत चढलं होतं. गंगा फुगली की वरुणेचं पाणी उलटं फिरतं आणि मागच्या दाराने वस्त्यांत शिरतं. मग नुसती नदीत बोट असून भागत नाही. ती ट्रेलरवर चढवून शहरातून न्यावी लागते. तीही श्रावणात, कावडियांच्या गर्दीतून.

म्हणून गेल्या आठवड्यात, पूरसरावाच्या सकाळी, एका बोटीच्या ट्रेलरला सेफ्टी चेनऐवजी नायलॉनची दोरी बांधलेली पाहिली आणि डोकं फिरलं. "साब, पास ही तो जाना है," ड्रायव्हर म्हणाला. त्या पोरावर काय रागवायचं? हे वाक्य तो आम्हा मोठ्यांकडूनच शिकलाय.

आपल्याकडे ट्रेलर इन्स्पेक्शनपुरता जगतो. रिमांना रंग, ड्रॉबारवर पांढरा पट्टा, साखळीही काळी कुळकुळीत. पण रंगाखाली कडी झिजलीय का, हुकाची खिटी बसते का, बेअरिंगमध्ये ग्रीस आहे की चिखलपाणी, हे कोण बघतं?

"हुक मजबूत आहे, साखळी कशाला?" असं म्हणणारे जुनेजाणतेही भेटतात. अहो, साखळी असते ती हुक दगा देईल त्या क्षणासाठीच! एक टनाचा ट्रेलर ताशी 40 किलोमीटरने जाताना सुटला, तर तडाखा तेवढंच वजन दोन मजल्यांवरून पडल्यासारखा. आणि तो आपल्याला बसत नाही. बसतो रस्त्यावरच्या ई-रिक्षाला.

साखळ्या दोन हव्यात, ड्रॉबारखाली फुलीसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या. जोड सुटला तर ड्रॉबार त्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही. टोकं गाडीच्या चॅसीला अडकवा, टोइंग हुकाला नाही. हुकच निखळला तर साखळीही त्याच्याबरोबर जाईल. लांबी वळणाला पुरेल एवढी, पण जमिनीला न घासणारी. जास्त झाली म्हणून पीळ देऊ नका, कड्या कमकुवत होतात.

आता चाकं. धावून आलेला हब तापलेला असतो. तसाच पाण्यात घातलात तर आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. हाताला सोसेल इतका गार होऊ द्या. दिव्यांचा प्लग आधी काढा. परतल्यावर गाळ धुवा, ग्रीस बघा. आणि टायरच्या नक्षीवर भुलू नका. उभ्या उभ्या म्हातारा झालेला टायर बाजूने चिरतो.

"पुरात एवढा वेळ कुणाला?" नसतोच. म्हणून बेअरिंग आणि टायर मे महिन्यात बघायचे. साखळी लावायला मात्र दोन मिनिटं पुरतात, पुरातसुद्धा. एनडीएत असताना पीकॉक बेवर दोर-गाठी तपासल्याशिवाय आमची होडी पाण्यात जात नसे. अठराव्या वर्षी जे निमूट पाळलं, ते चाळिशीत जड का जावं?

त्या सकाळी मी दोरी कापायला लावली. साखळ्या येईपर्यंत ट्रेलर हलला नाही. सरावाला उशीर झाला, वरून विचारणाही झाली. उशिराचं उत्तर मी दिलं. त्या ई-रिक्षातल्या माणसाच्या घरी जाऊन काय उत्तर दिलं असतं?