परराज्यातील आचारी, मंडप आणि जीएसटीचे बिल

बारामती-इंदापूर परिसरातील जैन व्यापारी कुटुंबांत विवाह निश्चित झाला की मुहूर्तापाठोपाठ शोध सुरू होतो तो आचाऱ्याचा. कंदमूळ वर्ज्य करणारा, पाणी गाळून वापरणारा आणि सूर्यास्तापूर्वी पंगत उठवून देणारा महाराज हवा, म्हणून दृष्टी राजस्थान-गुजरातकडे वळते. त्याच्या मागोमाग अहमदाबादचा सजावटकार आणि जोधपूरकडील लोकगायकही ठरतात. माणसांबरोबर त्यांची बिलेही येतात, आणि दुकानात रोज जीएसटीचा हिशेब ठेवणारी मंडळीसुद्धा या बिलांपुढे थबकतात. कर एकत्र लागावा की दोन भागांत? परराज्यातील माणसाला येथे नोंदणी हवी का? दुकानाच्या खात्यात हा कर वळता करून घेता येईल का?

विवाहकार्यावरील कर ही आजची गोष्ट नाही. मंडपचालकांच्या सेवेवर १९९७ साली सेवाकर बसला. तमिळनाडूतील कल्याण मंडपांच्या संघटनेने त्याला आव्हान दिले. परंतु २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कर वैध ठरविला. पुढे १ जुलै २०१७ पासून सेवाकर आणि व्हॅट दोन्ही जीएसटीत विलीन झाले. तेव्हापासून जो प्रश्न मुख्य ठरला, तो म्हणजे सेवेचे ‘पुरवठा-स्थान’ कोणते.

सेवा देणाऱ्याचे राज्य आणि पुरवठा-स्थानाचे राज्य एकच असेल, तर केंद्राचा व राज्याचा कर निम्मा-निम्मा लागतो. दोन्ही राज्ये भिन्न असतील, तर एकात्मिक कर म्हणजे आयजीएसटी लागतो. केटरिंगच्या बाबतीत सेवा प्रत्यक्ष जेथे दिली जाते तेच पुरवठा-स्थान होय. म्हणून नोंदणीकृत राजस्थानी केटररने इंदापुरात, भिगवणला किंवा वालचंदनगरला पंगती वाढल्या, तर त्याच्या बिलावर आयजीएसटी असावयास हवा. राजस्थानचा राज्य-कर त्यात दिसला तर बिल चुकीचे आहे.

यामुळे कराचा बोजा वाढतो, ही समजूत मात्र निराधार आहे. बारामतीतील लग्नासाठी अहमदाबादच्या सजावटकाराने ४ लाख रुपयांचे काम केले, तर १८ टक्क्यांनी ७२,००० रुपये आयजीएसटी होतो. तेच काम बारामतीच्या सजावटकाराने केले, तर ३६,००० अधिक ३६,००० असा तितकाच कर होतो. परराज्यातील माणूस आणल्याने कर वाचत नाही आणि दुप्पटही होत नाही. आयजीएसटीतील राज्याचा हिस्सा शेवटी जेथे सेवा उपभोगली गेली त्या राज्याला, म्हणजे येथे महाराष्ट्राला, मिळतो.

लग्न उदयपूरला असेल तर चित्र पालटते. विवाहासाठी घेतलेल्या जागेचे पुरवठा-स्थान ती वास्तू जेथे आहे तेथेच असते. त्यामुळे तेथील कार्यालयाच्या बिलावर केंद्राचा आणि राजस्थानचा कर लागेल. यजमान महाराष्ट्राचा असल्याने त्यात फरक पडत नाही. बारामतीचा केटरर तेथे नेला, तर त्याला मात्र आयजीएसटी लावावा लागेल.

येथेच एक अडचण उभी राहते. कंपोझिशन योजनेतील व्यावसायिकाला परराज्यात पुरवठा करता येत नाही आणि ग्राहकाकडून वेगळा करही घेता येत नाही. तेव्हा बाहेरून येणारा केटरर या योजनेत आहे का, हे बयाणा देण्यापूर्वीच विचारावे. आपल्या भागातील केटरर बाहेर नेतानाही हीच चौकशी करावी. याउलट केवळ सेवा देणाऱ्या लहान व्यावसायिकाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल, तर ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेनुसार परराज्यात सेवा देण्यासाठीही त्याला नोंदणीची सक्ती नाही. काही विशेष दर्जाच्या राज्यांसाठी ही मर्यादा १० लाख आहे. असा माणूस कर आकारू शकत नाही. नोंदणी नसताना बिलात ‘जीएसटी’ म्हणून रक्कम घेणे कायद्याने निषिद्ध आहे.

दर सर्वत्र सारखे नाहीत. बाहेरील केटरिंगवर साधारणतः ५ टक्के, तर ७,५०० रुपयांहून अधिक दैनिक भाड्याच्या खोल्या असणाऱ्या मोठ्या हॉटेलांतील मेजवानीवर १८ टक्के कर लागतो. सजावट, छायाचित्रण आणि नुसत्या कार्यालयाचे भाडे यांवर १८ टक्के आहेत. धार्मिक विधी करविणाऱ्याच्या दक्षिणेवर कर नाही. लोकसंगीत किंवा शास्त्रीय संगीत सादर करणाऱ्या कलावंताचे मानधन दीड लाख रुपयांपर्यंत असेल, तर तेही करमुक्त आहे. नोंदणीकृत धर्मादाय न्यासाच्या मालकीच्या, सर्वांसाठी खुल्या असलेल्या धर्मस्थळाच्या आवारातील सभागृहाचे दैनिक भाडे १०,००० रुपयांच्या आत आणि खोलीचे १,००० रुपयांच्या आत असेल, तर त्यावरही कर नाही. साधेपणाने संघाच्या वास्तूत कार्य करणाऱ्यांना ही सवलत उपयोगी पडते.

व्यापारी घराची खरी कसोटी पुढे लागते. सुरतेहून आलेल्या कापडावरील आयजीएसटी दुकानाला वळता मिळतो. मग लग्नाचे बिलही पेढीच्या जीएसटी क्रमांकावर का घेऊ नये, असा विचार मनात येतो. क्वचित पुरवठादारच तसे सुचवितो. परंतु वैयक्तिक उपभोगासाठी घेतलेल्या वस्तू व सेवांवरील कराचे क्रेडिट कायद्याच्या कलम १७(५) ने नाकारले आहे. कन्येच्या विवाहाची सजावट ‘व्यवसायवृद्धी’ म्हणून दाखविली, तर वापरलेले क्रेडिट १८ टक्के व्याजासह परत करावे लागते आणि दंडाचा धोका वेगळा राहतो. पेढीवर खर्च टाकला की भागीदारांच्या हिशेबातही खोट शिरते. भावाभावांच्या पेढीत अशा एका बिलावरून निर्माण झालेली अढी लग्नानंतर पुष्कळ दिवस टिकते. म्हणून बिल यजमानाच्या वैयक्तिक नावाने, घरच्या पत्त्यासह घ्यावे.

दुसरा मोह ‘बिल नको, कर सोडून देतो’ या प्रस्तावाचा. येथे वाचलेले पैसे दिसतात. गमावलेला पुरावा दिसत नाही. ऐन लग्नाच्या दिवशी सजावटकार आलाच नाही, तर हाती काय उरते? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यात दाद मागण्याचा हक्क दिला आहे. बारामती वा इंदापूरच्या कुटुंबाला त्यासाठी अहमदाबाद गाठावे लागत नाही. पुण्याच्या जिल्हा आयोगाकडे जाता येते. मात्र करार, पावती आणि बँकेतून दिलेली रक्कम यांवाचून तो हक्क पांगळा ठरतो. शिवाय एकाच प्रसंगापोटी एका व्यक्तीकडून २ लाख रुपये किंवा अधिक रोख स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे. दंड स्वीकारणाऱ्यावर, तोही तितक्याच रकमेचा. वधूपित्याने रोखीचा आग्रह धरणे म्हणजे समोरच्या कष्टकऱ्याला त्या जोखमीत लोटणे होय.

तेव्हा ठरावाच्या वेळीच चार गोष्टी पाहाव्यात. सांगितलेला दर करासह आहे की कराशिवाय, हे लेखी घ्यावे. पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर तपासावा. त्याचे पहिले दोन अंक राज्य दाखवितात. महाराष्ट्राचा २७, गुजरातचा २४, राजस्थानचा ०८. नोंदणीकृत पुरवठादाराकडून आगाऊ रकमेची रिसीट व्हाउचर मागावी आणि कार्य रद्द झाल्यास परताव्याची अट नमूद करावी. शेवटचा हप्ता अंतिम बिल हाती आल्यावर द्यावा.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांमध्ये विरुद्धराज्यातिक्रमाची गणना आहे; राजनियम डावलून केलेला व्यवहार, असा त्याचा अर्थ आज सामान्यतः सांगितला जातो. पंगतीत कंदमूळ येऊ नये म्हणून जे घर शेकडो कोसांवरून महाराज आणते, त्या घराला त्याच महाराजाचे बिल तितक्याच काटेकोरपणे पाहणे जड जाऊ नये.