बॅटरी संपते, पण जाते कुठे?

इंदूरच्या एका वाचकांचे पत्र या वेळी सर्वांत आधी घेत आहोत, कारण त्याचे उत्तर लांबवून चालण्यासारखे नाही. त्यांनी गच्चीवरच्या टाकीसाठी ‘पाणी भरले’ हे सांगणारा अलार्म घरीच बनवला आहे. एक बीसी ५४८ ट्रान्झिस्टर, एक बझर, छोटी चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी आणि टाकीत सोडलेल्या दोन तारा, एवढाच कारभार. टाकी भरली की बझर वाजतो. पंप बंद करून दोन-चार बादल्या पाणी वापरले की थांबतो. तक्रार एकच : बॅटरी आठ दिवसांत संपते. म्हणून ते विचारतात, एका पुस्तिकेत दिल्याप्रमाणे ०.४७ मायक्रोफॅरडचा, ४०० व्होल्टचा कपॅसिटर घालून हे सर्किट ट्रान्स्फॉर्मरशिवाय थेट घरच्या विजेवर चालवले तर?

नाही. अजिबात नको. आणि जोडून ठेवले असेल, तर हा अंक बाजूला ठेवा, आधी मेन स्विच बंद करा आणि मग प्लग काढा.

अशा जोडणीत कपॅसिटर प्रवाहाला फक्त आवर घालतो. आपल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या विजेवर ०.४७ मायक्रोफॅरडमधून सुमारे ३४ मिलीअँपिअर जाऊ शकतात. घरोघरी जिवाच्या रक्षणासाठी बसवतात तो आरसीसीबी ३० मिलीअँपिअर गळतीला वीज तोडतो, यावरून हा आकडा किती वाईट ते समजावे. पण खरी मेख निराळीच आहे. ट्रान्स्फॉर्मर घरातील विजेपासून सर्किट पूर्ण वेगळे ठेवतो, कपॅसिटर तसे काही करत नाही. सर्किटची एक बाजू थेट विजेच्या तारेलाच जोडलेली राहते. दोन पिनांचा प्लग उलटा लागला की ती बाजू फेजची होते आणि मध्ये कपॅसिटरही उरत नाही. आता त्या सर्किटच्या तारा टाकीत आहेत आणि टाकीतले पाणी न्हाणीघराच्या नळाला येते. पुस्तिकेतले ते सर्किट बंद डब्यातल्या एखाद्या दिव्यासाठी असेल, पाण्याला शिवणाऱ्या वस्तूसाठी ते नाहीच.

शिवाय गंमत अशी, की या अलार्मला घरच्या विजेची गरजच नाही. टाकी रिकामी असताना ट्रान्झिस्टर बंद असतो आणि बॅटरीतून जवळजवळ काहीच जात नाही. बॅटरीने कित्येक महिने टिकायला हवे. ती आठ दिवसांत संपते याचा अर्थ कुठेतरी वीज पाझरते आहे. हिशेब पाहा. या बॅटरीची साठवण साधारण ४०० मिलीअँपिअर-तास धरा. रोजचे २४ तास, असे आठ दिवस, म्हणजे १९२ तास. भागाकार केला तर सतत २ मिलीअँपिअर गळती निघते. एवढ्या प्रवाहावर बझर नीट वाजत नाही, फार तर क्षीण किरकिरतो, म्हणून लक्षात येत नाही.

गळती शोधायला मल्टिमीटर लागेल. आमचे एक जुने मत या निमित्ताने पुन्हा मांडतो : सोल्डरिंगची महागडी इस्त्री नसली तरी चालेल, पण साधा का होईना, मीटर हवा. मीटरशिवाय दुरुस्ती म्हणजे एकामागून एक सुटे भाग बदलत बसणे, आणि त्यात जुना दोष तसाच राहून नवे दोन तयार होतात.

बॅटरीची धन तार सोडवा आणि मीटर मिलीअँपिअरवर ठेवून त्या तुटलेल्या जागी मधोमध जोडा. (मिलीअँपिअरवरचा मीटर बॅटरीच्या दोन टोकांना कधीही लावू नका, त्याचा फ्यूज जाईल.) टाकीचे पाणी तारांच्या खाली असू द्या. आता मीटर २ मिलीअँपिअरच्या आसपास काही दाखवील. टाकीकडून येणाऱ्या दोन्ही तारा सर्किटपाशी सोडवा. आकडा शून्यावर आला तर दोष बाहेर आहे : वायरच्या जोडावर गुंडाळलेली चिकटपट्टी ओली झाली असेल, टाकीच्या झाकणाखाली दव साचत असेल, किंवा दोन तारांच्या मध्ये क्षारांचा पांढरा थर बसला असेल. आकडा तसाच राहिला तर दोष सर्किटवर आहे. मग ट्रान्झिस्टरचे बेस आणि एमिटर हे दोन पाय तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडून पाहा. तरीही प्रवाह थांबला नाही, तर ट्रान्झिस्टर गेलेला आहे. थांबला, तर पीसीबीवर सोल्डरिंग पेस्टचा चिकट थर दमट हवेत पाझरतो आहे. जुन्या दातांच्या ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तो घासून काढा.

इंदूरच्या पत्रातला आराखडा पाहता आमचा संशय बाहेरच्या दमटपणावर आहे, कारण त्यात बेस आणि एमिटर यांच्यामध्ये रेझिस्टरच दाखवलेला नाही. असा ट्रान्झिस्टर फार हलक्या कानाचा असतो. आठ-नऊ लाख ओहमच्या ओलाव्यातून आलेला दहा मायक्रोअँपिअरचा प्रवाहही त्याला अर्धवट जागा करतो. तिथे ४७ किलोओहमचा एक रेझिस्टर बसवा. ओलाव्याचा प्रवाह त्यातून परस्पर निघून जाईल, बेसवर ०.६ व्होल्ट साचणारच नाहीत आणि ट्रान्झिस्टर झोपून राहील. टाकीतले पाणी मात्र कितीतरी पट जास्त प्रवाह देते, तेव्हा अलार्म पूर्वीसारखाच वाजेल. टाकीकडून बेसला येणाऱ्या तारेत १ किलोओहमचा रेझिस्टर घातला, म्हणजे दोन तारा चुकून एकमेकींना चिकटल्या तरी ट्रान्झिस्टर वाचेल.

दुसरे एक काम याबरोबरच उरकून घ्या. टाकीत तांब्याच्या उघड्या तारा असतील तर काढा. पाण्यातून एकाच दिशेने प्रवाह गेला की धन बाजूची तार हळूहळू विरघळते, हिरवी पडते आणि काही महिन्यांनी ‘अलार्म वाजतच नाही’ असे पत्र आम्हाला येते. स्टेनलेस स्टीलच्या सळया वापरा. स्विच बझरच्या तारेत घालू नका, बॅटरीच्या तारेत घाला, म्हणजे अलार्म बंद केल्यावर सळयांतला प्रवाहही थांबेल. आणि जागा असेल तर चौकोनी बॅटरीऐवजी दीड व्होल्टचे सहा पेन्सिल सेल होल्डरमध्ये घालून वापरा, ते कितीतरी अधिक टिकतात.

हा अलार्म नव्याने करणाऱ्यांसाठी थोडेसे : बीसी ५४८ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. पुण्याची तपकीर गल्ली असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की दिल्लीचे लाजपतराय मार्केट, गर्दीच्या वेळी काउंटरवर ५४८ ऐवजी ५५८ हातात पडू शकतो. तो उलट जातीचा असतो. दुकानातच नंबर वाचून घ्यावा.

दुसरे पत्र बडोद्याहून, दहावीतल्या एका मुलीचे. ५५५ आयसी वापरून तिने लुकलुकणारा एलईडी ब्रेडबोर्डवर मांडला, पण तो लुकलुकत नाही, सारखा पेटलेलाच राहतो. आयसी दोनदा बदलून झाला.

आयसीला दोष देऊ नकोस. यादीत १० किलोओहम आणि १०० किलोओहमचे रेझिस्टर लिहिले आहेस, ते बरोबर आहेत. कपॅसिटरवर मात्र ‘१०४’ छापले आहे, म्हणजे तो ०.१ मायक्रोफॅरडचा आहे. त्याने एलईडी सेकंदाला जवळजवळ ६८ वेळा लुकलुकतो आणि आपल्या डोळ्यांना तो स्थिर दिसतो. तिथे १० मायक्रोफॅरडचा लाव, म्हणजे दीड सेकंदाला एक लुकलुक मिळेल. त्यावर पट्टी असलेला पाय ऋण बाजूला जातो. एवढे करूनही अडले, तर जोडलेल्या २ आणि ६ नंबरच्या पायांवर मीटर धर. ९ व्होल्टच्या बॅटरीवर तिथला आकडा ३ आणि ६ यांच्यामध्ये वरखाली व्हायला हवा. ९ च्या जवळ अडकला असेल तर ७ नंबरच्या पायाकडची तार सुटली आहे. शून्यावर बसला असेल तर कपॅसिटरला वीजच पोचत नाही, आणि मग ब्रेडबोर्डची कडेची लांब पट्टी तपास. बऱ्याच बोर्डांवर ती मधोमध तुटलेली असते, दोन्ही अर्धे तारेने जोडावे लागतात.