वहीला गुण किती?

थंडी पडू लागली की शाळांत विज्ञान प्रदर्शनाची लगबग सुरू होते. आधी तालुका, मग जिल्हा, राज्य आणि शेवटी एनसीईआरटीचे राष्ट्रीय प्रदर्शन. टेबलांवरचा माल मात्र कुठेही गेले तरी ओळखीचा: थर्माकोलचा ज्वालामुखी, हात पुढे केला की झाकण उघडणारी कचरापेटी, पाणी शिंपडल्यावर वाजणारा भोंगा. यांची तयार किट बाजारात मिळतात. जोडणी बाबांची, तक्ता बाईंचा, मुलाकडे पाठ केलेली चार वाक्ये. बटण दाबले, दिवा लागला, गुण पडले.

आता उरणजवळच्या मोरा बंदरावर या. भाऊच्या धक्क्याहून येणारी लाँच मोठ्या ओहोटीला इथे लागत नाही; गाळ इतका साचलेला की पाणीच उरत नाही. फेऱ्या रद्द होतात, चाकरमानी खोळंबतात. कोळ्यांना हे आधीच ठाऊक असते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. होडी हाकायला तेवढे पुरते.

पण हिशेब पुढे नेऊन पाहा. पौर्णिमेला उत्तर येते सव्वाअकरा. लगेच दुसऱ्या दिवशी, वद्य प्रतिपदेला, पाऊण. म्हणजे भरती एका दिवसात दीड तास पुढे गेली! समुद्र तर रोज साधारण ५० मिनिटेच सरकतो. मग हिशेब चुकतो कुठे, किती आणि कोणत्या तिथीपासून? सातवीतल्या मुलीने घरच्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन महिनाभर धक्क्याच्या पायऱ्यांवर पाणी कुठवर चढले ते वेळेसह टिपले, तर तिला हे सापडेल. पडताळायला भरतीचे छापील तक्ते आहेत. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राची पातळी मोजली गेली आहे. तिच्या नोंदींतून पुढचा, जास्त कामाचा प्रश्न निघतो: किती पायऱ्या बुडाल्या की लाँच लागते? त्याचे उत्तर प्रवाशांनाही हवे आहे.

या मुलीच्या टेबलावर मात्र दिसणार काय? एक वही, तीही खाऱ्या पाण्याने फुगलेली. तिच्यासमोर परीक्षक किती वेळ थांबतील, याची आम्हाला शंकाच आहे.

पद्धत आपल्याकडे नाही असे नव्हे. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून १० ते १७ वर्षांच्या मुलांकडून हेच मागते: परिसरातला प्रश्न, प्रत्यक्ष नोंदी आणि नोंदवही. पण शाळेच्या फलकावर कौतुक होते ते प्रदर्शनातल्या नंबराचे. केंद्राची इन्स्पायर-मानक योजना निवडलेल्या कल्पनेला १०,००० रुपये देते, तेही प्रतिकृती बनवून मांडण्यासाठी. नवे काही बनवणाऱ्या मुलांना ते जरूर मिळावेत. मोजणाऱ्या मुलांनी मात्र मोजमाप सोडून काहीतरी फिरते, चमकते उभे करावे, असाच अर्थ त्यातून निघतो.

तालुक्याच्या पुढच्या प्रदर्शनात निदान एक दालन नोंदवह्यांसाठी ठेवावे. तिथे विजेचा प्लग नसला तरी चालेल. परीक्षक तेवढा वही उघडून तिथी आणि वेळ ताडून पाहणारा हवा.