पेठांचा आराखडा वेगळा हवा

साताऱ्यात पोवई नाक्याखालचा ग्रेड सेपरेटर जानेवारी 2021 मध्ये वाहतुकीला खुला झाला. सांगलीत आयर्विन पुलाशेजारी समांतर पूल उभा राहिला. दोन्ही कामे गरजेची होती, हे मान्य. पण नाका ओलांडून मोती चौकाकडे निघालेल्या किंवा सांगलीच्या टिळक चौकातून पेठेत शिरलेल्या माणसाने पाय कुठे टाकायचा, याचे उत्तर या कोट्यवधींच्या कामांत नव्हते. ते त्यांचे कामही नव्हते. ज्या कागदांचे ते काम आहे, ते नगरपालिकेच्या आणि महापालिकेच्या कपाटात आहेत आणि ते बाहेर काढायला नारळ फोडावा लागत नाही. कदाचित म्हणूनच ते निघत नसावेत.

यातला पहिला कागद रस्त्याच्या नियमित रेषेचा. ती ठरवण्याचा अधिकार महापालिका आणि नगरपालिका या दोन्हींच्या कायद्यांत आहे. रेषा आखली की जुनी इमारत लगेच पडत नाही. ती नव्याने बांधायला काढली की मालकाने मागे सरकायचे आणि सोडलेल्या जागेचा मोबदला पैशांत, चटईक्षेत्रात किंवा टीडीआरच्या, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्काच्या, रूपात घ्यायचा. कागदावर हे ठीक दिसते. पेठेत मात्र एक वाडा सहा फूट मागे जातो, शेजारचे दुकान भाऊबंदकीच्या दाव्यामुळे पुढची तीस वर्षे जागचे हलत नाही. मधल्या खोबणीत दुचाक्या, फ्लेक्सचे बांबू आणि कचरा जमतो. रस्ता रुंद होत नाही आणि पेठेची सलग दर्शनी ओळ मात्र मोडते. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर, वेगळा तोडगा काढला होता. इमारत रस्त्यालगतच ठेवायची, पण तळमजल्यावर कमानींखालून सार्वजनिक पायवाट सोडायची. मालकाचे वरचे मजले शाबूत राहिले आणि चालणाऱ्याला ऊन-पावसात आडोसा मिळाला. सातारच्या पावसात राजपथाला हाच तोडगा शोभेल.

दुसरा कागद डिसेंबर 2020 पासून लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीचा. मुंबई आणि काही प्राधिकरणे वगळता सगळ्या राज्याला एक नियम झाला, त्यामुळे दर गावी वेगळी पळवाट शोधणे थोडे अवघड झाले. पण साताऱ्यातल्या, अजिंक्यताऱ्याच्या उतारावरच्या शाहूकालीन पेठा आणि कृष्णाकाठच्या सपाटीवर 1801 नंतर वाढलेली चिंतामणरावांची सांगली यांना एकच माप कसे बसणार? तळमजल्यावरचे पार्किंग घ्या. साताऱ्यात जुना वाडा पाडून अशी इमारत आली की रस्त्यावर उघडणारी दुकाने जातात आणि तिथे अंधारी पोकळी उरते. संध्याकाळी आठनंतर त्या बोळातून जाणे बायाबापड्यांना नकोसे होते. सांगलीच्या पेठेत तीच पोकळी वरदान ठरू शकते, कारण तिथे तळमजल्यावर काय ठेवायचे हे अखेर नदीच ठरवते.

सांगलीचा प्रश्न जास्त कठीण आहे आणि त्यावर अधिक थांबायला हवे. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विनजवळ कृष्णेने 57 फुटांची पातळी ओलांडली. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा पेठांत शिरले. निळ्या आणि लाल पूररेषांच्या दरम्यान नव्या बांधकामाचे जोते उंच ठेवायला लावणे हा त्यावरचा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. पण तो एकेका प्लॉटला लागतो. एक मालक जोते उचलतो, त्याच्या दुकानाला आठ पायऱ्या येतात, त्या पायऱ्या रस्त्यात उतरतात, आणि त्याने घातलेल्या भरावामुळे पाणी शेजाऱ्याच्या ओसरीत जाते. संपूर्ण गल्लीने किती उंच व्हायचे, माल वरच्या मजल्यावर कसा न्यायचा, कुठला नाला मोकळा ठेवायचा, हे कुणीच ठरवत नाही. हरभट रोड, गणपती पेठ आणि कापडपेठेतले व्यापारी पुरानंतर पंचनाम्याच्या रांगेत उभे राहतात, मग ऐपत असलेले विश्रामबागेकडे जागा बघतात. अशीच वर्षे गेली तर पेठ रिकामी व्हायला पुराचीही गरज उरणार नाही. पूररेषेत जागा सोडणाऱ्याला टीडीआर द्यायचा, तर तो शहराच्या उंच भागात कुठे वापरता येईल हेही आधी नकाशावर दाखवावे लागेल. नाहीतर तो कागद बिल्डरच्या फायलीत पडून राहील.

तिसरा कागद फेरीवाल्यांच्या 2014 च्या कायद्याचा. त्यात नगर पथविक्रेता समिती आहे, विक्रीची आणि ना-विक्रीची क्षेत्रे आहेत. प्रत्यक्षात अतिक्रमणविरोधी पथकाची गाडी येते, हातगाडे उचलले जातात, दंड भरून संध्याकाळी परत लागतात. यावर अधिक काय लिहायचे?

विकास आराखडा वीस वर्षांचा आणि पूर्ण शहराचा असतो. हरकतींसाठी नकाशा भिंतीवर लागला की माणूस आपला सिटी सर्व्हे नंबर शोधतो, आरक्षण पडले नसेल तर सुटकेचा निःश्वास टाकून घरी जातो. पेठेचा विचार त्या प्रमाणावर होऊच शकत नाही. सातारची हद्दवाढ 2020 मध्ये झाली. आता अधिकाऱ्यांचे लक्ष शाहूपुरी-विलासपूरकडे जाणे स्वाभाविक आहे. त्यात साताऱ्यात 2021 च्या अखेरीस आणि सांगलीत 2023 मध्ये सभागृहांची मुदत संपून प्रशासक बसले. प्रशासक रस्ता डांबरी करू शकतो, पण कमानी कुठे काढायच्या आणि गाड्या कुठून बंद करायच्या, यावर व्यापाऱ्यांशी भांडायची ताकद निवडून आलेल्यांचीच.

तेव्हा सभागृह कुणाचेही असो, त्याने दोनच तुकडे हाती घ्यावेत. साताऱ्यात मोती चौक ते राजवाडा, म्हणजे 1824 चा वाडा, ज्या सरकारी शाळेत नोव्हेंबर 1900 मध्ये भीमराव आंबेडकरांचे नाव दाखल झाले ती जागा, आणि समोरचे गांधी मैदान. सांगलीत मारुती चौकाभोवतीच्या गल्ल्या. प्रत्येक घराचा दरवाजा, पायरी, गटार आणि हातगाडा दिसेल इतक्या मोठ्या प्रमाणावर त्यांचे नकाशे काढावेत. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर 11 डिसेंबरला पादचारी दिन होतो, तसे एखादा दिवस वाहने बंद करून बघावे आणि त्या दिवशीच्या दुकानांच्या विक्रीची नोंद व्यापारी संघटनेलाच ठेवायला सांगावी. हरकतींसाठी हे नकाशे कार्यालयाच्या जिन्याखाली नकोत. ते मोती चौकात आणि मारुती चौकात लावावेत, आणि सांगलीच्या नकाशावर 2019 च्या पाण्याची खूण दर दुकानाच्या भिंतीवर असावी.