अंतराळ स्थानक घोषणांवर उभे राहत नाही

१८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतीय अंतराळ स्थानकाच्या पहिल्या मॉड्यूलला मंजुरी दिली, तेव्हा व्यक्त झालेला आनंद स्वाभाविकच होता. गगनयान कार्यक्रमाचा विस्तार करून त्यात ११,१७० कोटी रुपयांची भर घालण्यात आली, एकूण तरतूद २०,१९३ कोटींवर गेली आणि डिसेंबर २०२८ पर्यंत आठ मोहिमा पूर्ण करण्याचे ठरले. पण त्या निर्णयातील एक शब्द अभिनंदनाच्या गजरात हरवला. तो शब्द म्हणजे ‘पहिल्या’. हे स्थानक पाच मॉड्यूलांचे, सुमारे ५२ टन वजनाचे होणार आहे. २०३५ पर्यंत ते पूर्ण करण्याचे लक्ष्य पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२३ मध्येच दिले होते. मंत्रिमंडळाच्या त्या दिवशीच्या मंजुरीत मात्र एकाच मॉड्यूलचा पैसा होता. उरलेली चार मॉड्यूले किती कोटींची, कोणत्या वर्षी आणि कोणत्या रॉकेटवरून जाणार, याचे उत्तर त्या निर्णयात नव्हते.

हा प्रश्न विचारणे म्हणजे राष्ट्राच्या स्वप्नाला अपशकुन करणे नव्हे. ज्यांना हे स्थानक खरोखर हवे आहे, त्यांनीच तो सर्वात आधी विचारला पाहिजे. ज्यांना ते नकोच आहे, त्यांचा प्रश्न वेगळा आणि जुना आहे. गरीब देशाला हे डोहाळे कशाला, असे विचारणारी मंडळी आर्यभट्ट उपग्रहाच्या वेळीही होती आणि चांद्रयानाच्या वेळीही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात अंतराळ विभागाला १३,४१६ कोटी रुपये मिळाले. केंद्राच्या एकूण खर्चातील शंभर रुपयांमागे ही रक्कम सव्वीस पैशांच्या आसपास भरते. एवढ्या खर्चातून चक्रीवादळाची आगाऊ सूचना मिळते, मच्छीमाराला मार्ग सापडतो, सीमेवर नजर राहते. या आक्षेपावर याहून अधिक शाई खर्च करण्याचे कारण नाही.

खरा धोका विरोधकांकडून नाही, तो आरंभशूरतेतून आहे. अंतराळ स्थानकांचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास हेच सांगतो. जगातील सर्वात श्रीमंत राष्ट्राची कथा पाहावी. जानेवारी १९८४ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी एका दशकात स्थायी अंतराळ स्थानक उभारण्याची घोषणा केली. दशक संपत आले, आराखडे पुन्हा पुन्हा बदलले, अब्जावधी डॉलर खर्ची पडले आणि स्थानकाचा एकही भाग अंतराळात गेला नाही. कारण काय? तंत्रज्ञांची वाण होती काय? चंद्रावर माणसे उतरवून परत आणणारा तो देश! वाण होती ती स्थिर निधीची. दर वर्षी अमेरिकी संसदेत हा प्रकल्प नव्याने न्यायालयात उभा केल्यासारखा उभा राहत असे. दर वर्षी थोडा पैसा कापला जाई, कापलेल्या पैशात बसवण्यासाठी आराखडा बदलला जाई आणि बदललेल्या आराखड्यामुळे पुढच्या वर्षी खर्च वाढे. जून १९९३ मध्ये तो रद्द करण्याचा प्रस्ताव प्रतिनिधिगृहात २१५ विरुद्ध २१६ मतांनी फेटाळला गेला. एका मताने! पुढे रशियाला सोबत घेऊन त्याचे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक झाले आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये ‘झार्या’ हे पहिले मॉड्यूल गेले. ते रशियात बांधलेले होते आणि त्याचा पैसा अमेरिकेने दिला होता.

त्यानंतरही शहाणपण आले असे नाही. माणसे ज्यात राहणार ते रशियाचे ‘झ्वेझ्दा’ मॉड्यूल रशियन सरकारच्या तिजोरीतील खडखडाटामुळे दोन वर्षांहून अधिक रखडले आणि जुलै २००० मध्ये गेले. तोवर आधीची दोन मॉड्यूले रिकाम्या घरासारखी पृथ्वीभोवती फिरत राहिली. २००१ मध्ये अमेरिकेच्या वाट्याचा खर्च अंदाजापेक्षा सुमारे ४.८ अब्ज डॉलरने वाढल्याचे उघड झाले आणि निवासाचे मॉड्यूल व संकटकाळी परतण्याचे यान दोन्ही रद्द झाली. परिणाम असा, की सहा-सात जणांसाठी योजलेल्या स्थानकात २००९ पर्यंत मुक्कामी पथक तिघांच्या पुढे गेले नाही, आणि त्यांचा बराचसा वेळ संशोधनापेक्षा देखभालीतच गेला. प्रयोगशाळा बांधावी, पण तीत काम करणाऱ्यांना झोपायला जागा नसावी, असा हा हिशेब!

भागीदारांचे हाल याहून मोठे. जपानने आपली ‘किबो’ प्रयोगशाळा २००३ मध्ये फ्लोरिडात पोहोचती केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत कोलंबिया यानाचा अपघात होऊन कल्पना चावला यांच्यासह सात जण गेले, शटल थांबले आणि किबोचा मुख्य भाग पाच वर्षांनी, २००८ मध्ये कक्षेत गेला. याच जपानने किबोच्या उड्डाणाच्या मोबदल्यात अमेरिकेसाठी एक अपकेंद्री मॉड्यूल बांधायला घेतले होते. कृत्रिम गुरुत्वाचा सजीवांवरील परिणाम त्यात अभ्यासायचा होता. अमेरिकेने ते २००५ मध्ये रद्द केले. आज ते त्सुकुबा येथे प्रदर्शनातील वस्तू होऊन बसले आहे. दुसऱ्याच्या रॉकेटवर आणि दुसऱ्याच्या अर्थसंकल्पावर विसंबण्याची किंमत काय असते, हे पाहायचे असेल त्याने ते पाहावे.

आणि रशियाचे ‘नाउका’? नव्वदच्या दशकात झार्याचा राखीव जोड म्हणून बांधायला घेतलेले हे मॉड्यूल २००७ मध्ये जाणार होते. ते २०२१ च्या जुलैत गेले. निधी तुटपुंजा, दिरंगाई कायमची. २०१३ मध्ये तर त्याच्या इंधन यंत्रणेत कचरा सापडला. अखेरीस २९ जुलै २०२१ रोजी स्थानकाला जोडल्यावर काही तासांतच त्याची इंजिने आपोआप पेटली आणि संपूर्ण स्थानक गरगर फिरले. जे यंत्र चौदा वर्षे उशिराने पोहोचते, ते पोहोचतानाच म्हातारे झालेले असते.

याच्या उलट उदाहरण शेजारी आहे, आणि ते पचायला कितीही कडू असले तरी पाहिलेच पाहिजे. चीनने मानवी अंतराळ कार्यक्रमाचा तीन टप्प्यांचा आराखडा १९९२ मध्ये ठरवला आणि स्थानकाच्या प्रकल्पाला २०१० मध्ये मंजुरी दिली. पुढच्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून नासाच्या चीनशी थेट सहकार्याला बांध घातला. अवजड रॉकेट २०१७ मध्ये कोसळले आणि पुन्हा उडायला २०१९ चा डिसेंबर उजाडला. तरीही एप्रिल २०२१ ते ऑक्टोबर २०२२ या अठरा महिन्यांत, प्रत्येकी वीस टनांहून जड अशी तिन्ही मॉड्यूले जोडून स्थानक पूर्ण झाले. तेथील हुकूमशाहीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. लोकशाहीतही संसदेने एकदा विचारपूर्वक घेतलेला निर्णय वर्षानुवर्षे पाळता येतो. भारताने अणुकार्यक्रम आणि क्षेपणास्त्र कार्यक्रम सरकारे बदलूनही चालवून दाखवले आहेत. प्रश्न राज्यपद्धतीचा नाही, निश्चयाचा आहे.

मग भारताने परक्या स्थानकात जागा विकत घेऊन भागवावे, असे सुचवणारेही आहेत. १९८४ मध्ये राकेश शर्मा सोव्हिएत सॅल्यूत-७ वर गेले. २०२५ च्या जूनमध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय स्थानकावर गेले, तेही अमेरिकी रॉकेटमधून. दोघांचाही देशाला अभिमान आहे. पण एकेचाळीस वर्षांत पाहुण्याचा यजमान झाला नाही, हेही तेवढेच खरे. शिवाय ज्या घरी पाहुणे म्हणून जायचे, ते घरच मोडणार आहे. आंतरराष्ट्रीय स्थानक २०३० नंतर समुद्रात उतरवण्याची योजना असून त्यासाठीच्या यानाचे कंत्राट नासाने २०२४ मध्येच दिले आहे. शेजारणीच्या अंगणावर किती दिवस सण साजरे करायचे?

परक्यांच्या शब्दाचा अनुभवही देशाच्या गाठीशी आहे. १९९१ मध्ये रशियन संस्थेशी क्रायोजेनिक तंत्रज्ञानाचा करार झाला, १९९२ मध्ये अमेरिकेने निर्बंध लादले आणि १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्यास नकार देऊन केवळ तयार इंजिने देऊ केली. भारतीय शास्त्रज्ञांनी स्वतःचे इंजिन घडवले. एप्रिल २०१० मध्ये पहिले उड्डाण अपयशी ठरले, जानेवारी २०१४ मध्ये ते यशस्वी झाले. गगनयानातील प्राणवायू व तापमान राखणारी यंत्रणाही बाहेरून मिळेना, तेव्हा ती येथेच विकसित करण्याचे ठरले. १६ जानेवारी २०२५ रोजी स्पेडेक्स मोहिमेत सुमारे २२० किलोंचे दोन उपग्रह स्वदेशी यंत्रणेने एकमेकांना जोडले गेले. दहा टनांचे मॉड्यूल जोडण्याच्या वाटेवरील ही पहिली पायरी आहे. क्षमता नाही, असे म्हणण्याचे धाडस आता कोणी करू नये.

म्हणूनच वेळापत्रकाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. भारतीय अंतराळवीर २०२२ पर्यंत स्वदेशी यानातून जाईल, असे १५ ऑगस्ट २०१८ रोजी लाल किल्ल्यावरून सांगितले गेले. महामारी मध्ये आली, चाचण्या वाढल्या. माणसाचा जीव पणाला लावण्यापेक्षा तारीख पुढे ढकलणे केव्हाही योग्यच. परंतु २०२५ संपले तरी ते उड्डाण झाले नव्हते, आणि दर वेळी नवी तारीख आली ती जुन्या तारखेचा हिशेब न देता. पहिले मॉड्यूल एलव्हीएम-३ रॉकेटने नेता येईल. त्याहून मोठे, तीस टन कक्षेत नेणारे नव्या पिढीचे रॉकेट ८,२४० कोटींच्या तरतुदीसह त्याच सप्टेंबरच्या बैठकीत मंजूर झाले. त्याला ९६ महिने, म्हणजे २०३२ पर्यंतचा अवधी आहे. श्रीहरिकोट्यातील तिसरे प्रक्षेपणस्थळ ३,९८४.८६ कोटींचे असून त्याला ४८ महिने दिलेले आहेत. ही मंजुरी योगायोगाने स्पेडेक्सच्या जोडणीच्याच दिवशीची. रॉकेट एक वर्ष लांबले तर २०३५ पूर्वी उरतात दोन वर्षे, आणि मॉड्यूले चार. ही आकडेमोड शाळकरी मुलालाही जमेल. ती शासनाने स्वतःहून देशासमोर मांडली पाहिजे.

पाचही मॉड्यूलांचा एकत्रित खर्च, प्रत्येकाचे रॉकेट, प्रत्येकाचे वर्ष आणि उशीर झाल्यास त्याचे कारण, एवढे संसदेच्या पटलावर आले तर विरोधकांच्या टीकेला उत्तर मिळेल आणि समर्थकांच्या टाळ्यांनाही अर्थ येईल. याचा संबंध दिल्ली आणि बेंगळुरूपुरता नाही. वालचंदनगरच्या कारखान्यात रॉकेटच्या घनइंधन टप्प्यांची आवरणे घडतात, विक्रोळीच्या गोदरेजमध्ये इंजिने घडतात. दहा वर्षांची मागणी नोंदलेली असेल तर असा उद्योग नवी यंत्रे घेतो, तरुण कारागिराला हाताखाली घेऊन तयार करतो. मागणी एका मॉड्यूलपुरती असेल तर तो तसे करत नाही, आणि तयार झालेला कारागीर दुसरीकडे जातो. २०२८ मध्ये पहिले मॉड्यूल गेल्यावर दुसऱ्याची फाइल उघडायची, असे ठरले तर वालचंदनगरला आणि विक्रोळीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. दुसऱ्या मॉड्यूलची मंजुरी त्यासाठी पहिले जमिनीवर असतानाच हवी.