व्हेनिसला जाताय? मग हॉटेलातच उतरा!

गावातल्या मित्राच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतायत. जोडीनं व्हेनिसला निघालेत. परवा विचारत होता, "पंचतारांकित हॉटेल घेऊ की कालव्यावरचा फ्लॅट? फ्लॅटमध्ये म्हणे तिथलं खरं जगणं कळतं."

मी व्हेनिस पाहिलेलं नाही. पण बातमीदार आहे, आकडे वाचता येतात. 1951 साली बेटांवरच्या त्या जुन्या शहरात पावणेदोन लाख माणसं राहायची. 2022 मध्ये ती 50 हजारांच्या खाली आली. रिआल्टो पुलाजवळ एका औषधाच्या दुकानात उरलेल्या रहिवाशांचा आकडा झळकतो. तापाचा तक्ता लावावा तसा!

कामधंदा कमी झाला हे आहेच. पण घरं पर्यटकांना जायला लागली, भाडी परवडेनात, कुटुंबं पूल ओलांडून मेस्त्रेला गेली. म्हणजे ज्या फ्लॅटात तुम्ही 'खरं जगणं' शोधणार, तिथलं बिऱ्हाड तुमच्यासाठीच उठलेलं असू शकतं!

म्हणून त्याला म्हटलं, ऐपत आहे ना, मग दानिएलीसारखं जुनं हॉटेल बघ. दांदोलो घराण्याचा 14व्या शतकातला वाडा, 1822 पासून हॉटेल. तिथे उतरून आज कुणाचं घर जात नाही, उलट चार जणांचा पगार निघतो. हॉटेलवालेही धुतल्या तांदळासारखे नाहीत. नवी हॉटेलंही राहती घरं गिळतात. तेव्हा आधी विचारा, ही इमारत हॉटेल कधी झाली? खिडकीतून कालवा दिसतो का, ते नंतर.

समोरच्या खिडकीत माणूसच उरला नाही, तर बघणार काय? नुसतं पाणी?