पिशवी खिळ्याला टांगलेली

वाचन : निर्गम १८:१३-२७



गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातल्या एका आक्कांचे यजमान देवाघरी गेले. शेवटचे दिवस कोल्हापूरच्या दवाखान्यात गेले, तिथेच त्यांनी डोळे मिटले. निपाणी भागात हे नवीन नाही. मोठे दुखणे आले की आपण कोल्हापूरच गाठतो. दफनविधी झाला, महिन्याची मिस्सा झाली, पाहुणे परतले. आणि मग कागद सुरू झाले.

मृत्यू महाराष्ट्रात झाला, म्हणून दाखला तिकडचा, मराठीत. जमीन कर्नाटकात, तिचा उतारा कन्नडमध्ये. बँकेचे पासबुक, रेशन कार्ड, गॅसची जोडणी, विधवा पेन्शन, सगळीकडे वेगवेगळे अर्ज. आक्कांनी जन्मभर विड्या वळून संसार केला. त्या मराठी वाचतात, कन्नड बोलतात, पण कन्नड वाचता येत नाही. सगळे कागद त्यांनी एका प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि पिशवी खिळ्याला टांगली. दोन महिने ती तशीच होती.

"पिशवी बघितली की छातीत धडधडतंय," एका रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या पायरीवर बसून त्या म्हणाल्या. "कुठनं सुरू करू, काय कळंना."

हा आळस नव्हे. काम डोंगराएवढे दिसले की पायच उचलत नाही. मुलीचे लग्न, मुलाचा प्रवेश, थकलेले कर्ज, आईचे आजारपण... प्रत्येकाच्या घरात अशी एखादी पिशवी टांगलेली असते.

आक्कांची भाची कॉलेजात शिकते. तिने तिथेच फोन काढला. चॅटजीपीटी, जेमिनी, व्हॉट्सॲपमधला मेटा एआय असे मदतनीस आता बहुतेक तरुणांच्या हातात आहेत. तिने मराठीतच बोलून सांगितले, "माझे काका वारले आहेत. मावशीला काय काय करावे लागेल ते लहान लहान पायऱ्यांत सांग." क्षणात ११ पायऱ्यांची यादी आली. पहिली पायरी होती, मृत्यूच्या दाखल्याच्या झेरॉक्स काढून ठेवा. दुसरी, फक्त बँकेत जा आणि वारसदार म्हणून कोणाचे नाव लावले आहे ते विचारा.

आक्कांच्या चेहऱ्यावरचा ताण आम्ही डोळ्यांनी सैल होताना पाहिला. "एवढंच होय पहिलं? झेरॉक्स?"

मात्र चौथ्या पायरीला आम्ही थबकलो. तिथे लिहिले होते, सेतू केंद्रात जा. पाचवीत होते, तलाठ्याकडून सातबाऱ्यावर वारसांची नावे लावून घ्या. प्रश्न मराठीत विचारला, म्हणून फोनने आम्हाला महाराष्ट्रात धरले होते! १९५६ पासून चाललेला आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला सीमाप्रश्न त्याने एका क्षणात सोडवून टाकला. आम्ही हसलो, आक्काही हसल्या, कितीतरी दिवसांनी. मग भाचीने सांगितले, "आम्ही निपाणीत राहतो, कर्नाटकात." यादी बदलली, नाडकचेरी आली. तरीही निघण्याआधी आम्ही कचेरीतल्या माणसाला विचारून प्रत्येक गोष्ट पक्की करून घेतली.

ही गोष्ट सांगितल्यावर दोन प्रकारची मते कानावर आली. एक वडीलधारे म्हणाले, "प्रार्थना करायची सोडून मशीनला काय विचारता?" आणि एक तरुण म्हणाला, "बघा, आता कुणाच्या पाया पडायला नको. फोन आहे ना!" दोघांविषयी आदर ठेवून आम्हाला वाटते, दोघांचेही अर्धेच बरोबर आहे.

आधी वडीलधाऱ्यांशी बोलू. काम लहान करून घेणे हे अविश्वासाचे लक्षण नाही. एलीया झुडुपाखाली आडवा पडून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याच्यापुढे होरेब डोंगरापर्यंतच्या चाळीस दिवसांचा नकाशा पसरला नाही. ऊठ आणि खा, एवढेच सांगितले (१ राजे १९). एलीया जेवला आणि पुन्हा झोपला. दूत रागावला नाही, दुसऱ्यांदा आला. खचलेल्या माणसाला देव आधी भाकरीएवढी पायरी देतो. मग एखाद्या साधनाने आक्कांना झेरॉक्सएवढी पायरी दाखवली, तर त्यात देवाचा अपमान कसा? व्हॅटिकनने जानेवारी २०२५ मध्ये 'अँटिक्वा एट नोव्हा' हे टिपण प्रसिद्ध केले. त्यातही या तंत्राला मानवी बुद्धीचे फळ म्हटले आहे. फक्त ते माणसाच्या जागी बसवू नका, असा इशारा दिला आहे.

आता तरुणांशी. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा बसून लोकांचे वाद सोडवत होता. सासरा इथ्रो भेटीला आला. त्याने आधी दिवसभर काय चालते ते पाहिले आणि मग तोंड उघडले. फोनने आक्कांचे घर पाहिले नव्हते, ती पिशवी पाहिली नव्हती, म्हणून तर तो राज्य चुकला. सल्ला देण्याआधी कोणीतरी जवळ उभे राहून पाहावे लागते.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. इथ्रोने मोशेच्या कामाचे नुसते भाग पाडून दिले नाहीत. नाहीतर मोशे तेच सारे भाग एकट्याने करत बसला असता. इथ्रोने माणसे नेमायला लावली, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर. फोनने आक्कांच्या डोंगराचे ११ दगड केले, पण अकराही दगड आक्कांच्याच पदरात टाकले. इथ्रोने दगड वाटून दिले. यंत्र थांबते तिथून ख्रिस्तसभेचे काम सुरू होते.

त्या रविवारी तेच घडले. यादी हातात होती म्हणून वाटणी सोपी झाली. "आक्का, काही मदत लागली तर सांगा" या आपल्या नेहमीच्या वाक्याला आक्का काय उत्तर देणार होत्या? त्यांनाच माहीत नव्हते काय मागायचे. पण "बँकेत बरोबर कोण जाईल?" असे विचारल्यावर लगेच एक हात वर झाला. कन्नड शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी अर्ज लिहायचे कबूल केले. एका रिक्षावाल्या भावाने गुरुवार दिला. नहेम्याच्या पुस्तकात यरुशलेमचा कोट असाच उभा राहिला. सोनार होते, सुगंधी तेले करणारे होते, एक जण आपल्या मुलींना घेऊन आला होता. कितीतरी जणांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला आणि ५२ दिवसांत काम पुरे झाले.

इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. आक्कांच्या घरी आम्हीच रोझरीला गेलो होतो, महिनाभर प्रार्थना केली होती. ती पिशवी आमच्या डोक्यावरच टांगलेली होती. आम्ही विचारले नाही. भाचीला फोनला विचारावे लागले, कारण आम्ही विचारले नव्हते. म्हणून यंत्राला नावे ठेवण्याआधी आपण आपल्या छातीवर हात मारलेला बरा.

म्हणून आमची विनंती आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या मुलांनो, ही कला घरातल्या मोठ्यांसाठी वापरा. गाव आणि राज्य आधी सांगा. सगळी यादी एकदम दाखवून घाबरवू नका, "आजची एकच पायरी सांग" असे फोनला म्हणा. आधार क्रमांक, खाते क्रमांक, ओटीपी त्यात कधीही घालू नका, आणि दुसऱ्याचे दुःख त्याच्या परवानगीशिवाय सांगू नका. यादी आली की ती कचेरीत तपासून घ्या. आणि शेवटी यादी घेऊन एखाद्या माणसाकडे जा.

आक्कांच्या पेन्शनचा अर्ज अजून पुढे सरकलेला नाही. चार पायऱ्या बाकी आहेत. पण पिशवी आता खिळ्याला नसते, मंगळवारी कोणाच्या तरी रिक्षात असते.

प्रार्थना करूया : हे प्रभू, ज्यांना सुरुवात सापडत नाही त्यांना आजच्यापुरती एक पायरी दाखव. आणि त्या पायरीवर त्यांच्या शेजारी उभे राहायला आम्हाला पाठव. आमेन.